पेप्टाइड-संश्लेषणातील बंधमोचन

हायड्रोजन व धातू यांच्या सान्निध्यात घडणारी रासायनिक क्रिया महाराष्ट्राच्या परिचयाची आहे ती मुख्यतः वनस्पती तुपामुळे. सोलापूर जिल्ह्यात परंपरेने पिकणाऱ्या करडईच्या तेलात असंतृप्त बंध विपुल असतात. अशा तेलाला निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन जोडला म्हणजे ते घट्ट होते. मुंबईत शिवडी येथे १९३२ साली या पद्धतीने तूप तयार होऊ लागले. त्याच वर्षी जर्मनीत ड्रेस्डेन येथे माक्स बेर्गमान आणि लिओनिडास झेर्व्हास यांनी हायड्रोजन व धातू यांच्याकडून जोडण्याचे नव्हे, तर तोडण्याचे काम करून घेतले.

या कार्याचे महत्त्व ध्यानी येण्यास त्यापूर्वीची अडचण पाहिली पाहिजे. ॲमिनो आम्लाच्या एका टोकास ॲमिनो गट व दुसऱ्या टोकास कार्बॉक्सिल गट असतो. दोन भिन्न आम्ले इष्ट क्रमाने जोडावयाची तर एकाचा ॲमिनो गट तात्पुरता झाकून ठेवावा लागतो. एमिल फिशर यांनी १९०७ पर्यंत अठरा घटकांची शृंखला सिद्ध केली. परंतु तिच्यात ग्लायसीन व ल्यूसीन ही दोनच आम्ले होती. झाकण घालणे त्यांना साधले होते, ते काढणे साधले नव्हते. झाकण निघावे इतकी तीव्र क्रिया केली, की पेप्टाइड-बंधच तुटत असे.

फिशर यांचेच सहकारी असलेल्या बेर्गमान यांनी झेर्व्हास यांच्यासह कार्बोबेन्झॉक्सी गट योजून हा पेच सोडविला. पॅलेडियमच्या सान्निध्यात, साध्या तापमानास व दाबास, हायड्रोजन या गटातील बेन्झिल कार्बन व ऑक्सिजन यांमधील बंध तोडतो. टोल्यूईन वेगळे होते, उरलेल्या भागातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ॲमिनो गट मोकळा होतो. पेप्टाइड-बंधास मात्र धक्का लागत नाही.

तथापि ही रीत सर्वत्र चालली नाही. सिस्टीनसारख्या आम्लातील गंधक पॅलेडियमला निष्क्रिय करते. म्हणून व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी द्रवरूप अमोनियातील सोडियमचा अवलंब केला. त्यांनी १९५३ साली ऑक्सिटोसिन हे गंधकयुक्त संप्रेरक सिद्ध केले व १९५५ साली नोबेल पारितोषिक मिळविले. तेथे साधन बदलले, पण काढता येईल असेच झाकण घालावे हे ड्रेस्डेनचे तत्त्व कायम राहिले.

ड्रेस्डेनची प्रयोगशाळा मात्र या शोधकांना फार काळ लाभली नाही. बेर्गमान ज्यू होते. नाझी सत्तारूढ होताच, १९३३ साली, त्यांना चर्मसंशोधन संस्थेचे संचालकपद व देश सोडावा लागला. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत त्यांनी कार्य पुढे चालविले. १९४४ साली त्यांचे निधन झाले. जर्मनीने घालविलेली विद्या अमेरिकेत रुजली, ती अशी.

बर्झेलियस यांनी १८३५ साली या प्रकारच्या क्रियांना जे नाव दिले, त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'सोडविणे, मोकळे करणे' असा आहे. मराठीतील 'उत्प्रेरण' या शब्दात चालना देण्याचा भाव आहे, मुक्त करण्याचा नाही. तुपाच्या कारखान्यात मराठी शब्द अधिक शोभतो. ॲमिनो गटावरील झाकण दूर करणाऱ्या पॅलेडियमला मात्र ग्रीक शब्दच यथार्थपणे लागू पडतो.