थेट विक्रीचा धंदा करताय? सोबत कोणाची धरायची ते आधी पहा

गावोगावी आज घरगुती वापराच्या वस्तू, सौंदर्य प्रसाधने, आरोग्याच्या पावडरी, भांडी असा माल दारोदार विकणारे लोक दिसतात. यात महिला जास्त. दुकान नाही, गाळा नाही, पिशवी घेतली की धंदा सुरू. यालाच थेट विक्री म्हणतात. भांडवल थोडे लागते हे खरे, पण हा धंदा एकट्याचा असतो. माल खपला नाही, उधारी अडकली तर बोलायचे कोणाशी, हा प्रश्न पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उभा राहतो.

वरची लाइन म्हणजे सोबत नव्हे

कंपनीत ज्याने मेंबर केले तो बहुतेक वेळा नात्यातला किंवा ओळखीचाच असतो. तो फोन करतो, बैठकीला नेतो, हुरूप देतो. सुरुवातीला याचा उपयोग होतोही. पण आपण जितका माल उचलू तितके कमिशन त्याला मिळते, हे विसरून चालत नाही. त्यामुळे 'या महिन्यात माल घेऊ का नको' हे त्यालाच विचारले तर उत्तर ठरलेले असते. नुकसान झाले तरी बोलायची चोरी, कारण आपलेच दात आपलेच ओठ.

बैठकीत काय बोलणे चालते यावरून गट ओळखता येतो. गिऱ्हाईक, दर, उधारी, परत आलेला माल यावर बोलणे होत असेल तर तो धंद्याचा गट. नुसती गाडी, बंगला आणि 'आणखी दोन माणसे जोडा' एवढेच चालले असेल तर जपून. अडचण सांगणाऱ्याला 'तुमचे विचारच निगेटिव्ह' म्हणून गप्प बसवतात, तिथे आधार मिळत नाही.

खरी सोबत कुठे मिळते

पहिली जागा म्हणजे बचत गट. साधारण १० ते २० महिलांचा गट, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि चोख हिशोब ही त्याची पंचसूत्री. गटातल्या बाईला आपल्या विक्रीतून कमिशन नसते, म्हणून ती स्पष्ट बोलते. 'उमेद' अभियानात गटांचा ग्रामसंघ आणि त्यावर प्रभागसंघ असतो. माहितीसाठी पंचायत समितीतील उमेद कक्षात किंवा गावातल्या समूह संसाधन व्यक्तीकडे, म्हणजे सीआरपी ताईंकडे, विचारावे. महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे 'माविम' १९७५ पासून महिलांसाठी काम करते, त्यांचेही गट आहेत.

दुसरी जागा आठवडे बाजार. वेगळा माल विकणारे चार-पाच जण महिन्यातून एकदा तासभर बसले तरी पुष्कळ होते. कोण उधारी बुडवतो, दुधाचा पगार कोणत्या तारखेला होतो, सुगीत काय खपते ही माहिती कंपनीच्या पुस्तकात मिळत नाही.

बैठकीला वही हवीच

समजा, ४,००० रुपयांचा माल घेतला. त्यातून ३,००० ची विक्री झाली, पण १,००० उधारीत राहिले. म्हणजे हातात आले २,००० आणि पेट्रोल वेगळे. निम्मे पैसे अजून बाहेरच असताना पुढच्या महिन्याचा माल गटाचे कर्ज काढून उचलला तर हप्ता घरखर्चातून जातो. ही वही दुसऱ्याने पाहिली की चूक लवकर ध्यानात येते.

कायदा काय सांगतो

केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम लागू केले. त्यानुसार कंपनीने विक्रेत्याशी लेखी करार केला पाहिजे. मेंबर होण्यासाठी प्रवेश शुल्क घेता येत नाही. माणसे जोडण्याच्या बदल्यात पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनेला बंदी आहे. विक्रेत्याने ओळखपत्र जवळ ठेवावे आणि आधी वेळ ठरवूनच गिऱ्हाईकाच्या घरी जावे. करारातून बाहेर पडण्याची मुदत किती आणि न खपलेला माल परत घेतात का, हे सहीच्या आधी वाचावे. मराठीत समजत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावे.

खत किंवा कीटकनाशक विकायचे असेल तर कृषी विभागाचा परवाना लागतो. 'आपल्या कंपनीला चालते' असे कोणी सांगितले तरी विश्वास ठेवू नये.

तक्रार कुठे करावी

कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, पावत्या जपून ठेवाव्यात. मालाबद्दल ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. साखळी योजनेत पैसे अडकले असतील तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. फसलेले आणखी कोणी गावात असतील तर सगळ्यांनी मिळून जावे. एकट्याला परत पाठवतात, दहा जणांचे ऐकून घ्यावे लागते.