न्यायालयांतील आत्मनिवेदन

ऐकणाऱ्याचें मन वळवावयाचें तर त्याच्या बुद्धीला आवाहन करावें कीं अंतःकरणाला, हा वाद ग्रीकांच्या काळापासून चालत आला आहे. ॲरिस्टॉटलनें वक्त्याचें शील, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद अशीं तीन साधनें सांगितलीं. त्यांची पारख करावयास आपल्या देशांतील दोन राजद्रोहाचे खटले मोठे उपयोगी आहेत. मुख्य कलम एकच, १२४ अ. शिक्षेची मुदतही एकच, सहा वर्षें. भाषणें मात्र अगदीं निराळ्या जातीचीं.

१९०८ च्या जुलैंत मुंबईच्या हायकोर्टांत लोकमान्य टिळक स्वतःच्या बचावासाठीं २१ तास १० मिनिटें बोलले. ‘केसरी’तील लेख मराठी, ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी; तेव्हां भाषांतरांतील एकेका शब्दाची चिकित्सा त्यांना करावी लागली. कायदा, वृत्तपत्रांचें स्वातंत्र्य, शब्दांचा खरा अर्थ, हींच त्यांचीं शस्त्रें. स्वतःच्या आयुष्याची कहाणी सांगून मनें द्रवविण्याकडे ते वळले नाहींत. सात विरुद्ध दोन मतांनीं ते दोषी ठरले.

१८ मार्च १९२२ रोजीं अहमदाबादेस महात्मा गांधी न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढें उभे राहिले. त्यांनीं गुन्हा आरंभींच कबूल केला. चौरीचुरा, मुंबई व मद्रास येथील दंग्यांचा दोषही पत्करला आणि कायद्यांतील जबरांत जबर शिक्षा मागितली. मग वादाला उरलें काय? उरली ती एका माणसाच्या मतांतराची कहाणी. आणि ती कोर्टापेक्षां हिंदुस्थानच्या व इंग्लंडच्या जनतेसाठीं होती, हें त्यांनीं निवेदनांतच सांगितलें आहे.

या कहाणीची मांडणी पाहण्यासारखी आहे. १८९३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत आपल्याला हिंदी माणूस म्हणून कांहींच हक्क नाहींत हें कळलें, एवढें दोनचार वाक्यांत ते सांगतात. मॅरिट्झबर्गच्या स्टेशनावर डब्यांतून उतरवल्याचा प्रसंग, जो आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, त्याचा निवेदनांत उच्चारही नाहीं! विस्तार आहे तो सरकारच्या सेवेचा : १८९९ च्या बोअर युद्धांतील शुश्रूषापथक, १९०६ च्या झुलू बंडांतील डोलीवाले, १९१४ सालचें लंडनमधील पथक, १९१८ सालीं खेड्यांतील सैन्यभरती, मिळालेलीं पदकें. त्यानंतर रौलट कायदा, जालियनवाला बाग, खिलाफत. स्वतःवरील अपमान झांकून स्वतःची निष्ठा पुढें केल्यानें ऐकणाऱ्याच्या मनांत आपोआप प्रश्न उठतो, कीं असा मनुष्य बिथरला तरी कशानें? आरोपीवरील बोट हळूच सरकारकडे वळतें. हें शुद्ध आत्मकथन आहे, पण त्यामागें बॅरिस्टराची नजर आहे, असें माझें मत आहे.

एका ठिकाणीं मात्र निबंध तपासण्यांत जन्म गेलेल्या मजसारख्याचा हात तांबड्या शाईकडे जातो. खेड्यापाड्यांत डोळ्यांना दिसणारे सांगाडे आकड्यांच्या कसरतीनें खोटे पाडतां येणार नाहींत, असें गांधीजी म्हणतात. वाक्य काळजाला भिडतें. परंतु आकडे दूर सारण्याची ही सवय सर्वांना मानवणारी नाहीं. हाच विषय दादाभाई नौरोजींनीं १९०१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत कोष्टकांच्या राशी घालून मांडला होता. दादाभाईंची ती मेहनत आधीं झालेली नसती, तर १९२२ सालीं नुसत्या करुणेला इतकें वजन आलें असतें असें मला वाटत नाहीं. उलट, आकडे वाचून रडूं आलेला वाचकही माझ्या पाहण्यांत नाहीं.

न्यायाधीशाचें मन हललें यांत शंका नाहीं. कोट्यवधि लोकांच्या दृष्टीनें आपण थोर देशभक्त आहां, हें त्यांनीं निकालांतच मान्य केलें. टिळकांच्या खटल्याचा दाखला देऊन सहा वर्षें साधी कैद सांगितली, आणि पुढें सरकारला मुदत कमी करतां आली तर आपल्याइतका आनंद कोणालाही होणार नाहीं, अशी पुस्ती जोडली. मन हललें तरी हात कायद्यानें बांधलेले होते. १९२४ च्या जानेवारींत पुण्याच्या ससून रुग्णालयांत गांधीजींवर ॲपेंडिसायटिसची शस्त्रक्रिया झाली, आणि फेब्रुवारींत सरकारनें त्यांना मुक्त केलें.