मॉरिशसमध्ये कामाला माणसं का कमी पडू लागली? ‘कमावत्या वया’चं गणित समजून घ्या

बारामतीहून इंदापूरला जाताना लासुर्णे लागतं. जवळच वालचंदनगर, थोडं अलीकडे भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना, आणि नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभा असलेला ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की या पट्ट्यात बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक ‘कोयता’. ऊस इथला, तो तोडणारे हात बाहेरचे.

हीच व्यवस्था जवळपास दोनशे वर्षांपूर्वी एका बेटावर सुरू झाली होती. तिथे गेलेल्या हातांमध्ये मराठी हातही होते. ते बेट म्हणजे हिंदी महासागरातलं मॉरिशस. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आत. पण ‘कमावत्या वयाचे लोक किती?’ हा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर यापेक्षा सोपं उदाहरण सापडणं अवघड आहे.

कमावतं वय म्हणजे नेमकं काय?

जगभरात १५ ते ६४ या वयाला ‘कमावतं वय’ किंवा कार्यक्षम वय मानतात. भारतात ६० वर्षांपासून ज्येष्ठ नागरिक धरतात, त्यामुळे आपल्याकडच्या काही आकडेवारीत ही मर्यादा १५ ते ५९ अशीही दिसते. दोन बातम्यांमधले आकडे जुळत नसतील, तर आधी ही वयोमर्यादा तपासा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

एकूण लोकसंख्येच्या १०० माणसांमागे या वयाचे किती, तो झाला कमावत्या वयाचा वाटा. उरलेले म्हणजे मुलं आणि म्हातारी माणसं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या वयात असणं म्हणजे प्रत्यक्ष कमावणं नव्हे. कॉलेजात शिकणारी मुलगी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण, घर सांभाळणारी बाई हे सगळे या वाट्यात मोजले जातात. (घर सांभाळणं हे काम नाही, असं मात्र कुणी समजू नये.)

बेटाची गोष्ट

मॉरिशसवर मूळचे रहिवासी नव्हतेच. आधी डच, मग फ्रेंच आणि नंतर इंग्रज आले. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३४ पासून भारतातून करारावर माणसं नेली गेली. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास लोक तिथे उतरले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले लोकही होते. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, ती त्यांच्या वंशजांमुळे. मजूर ज्या धक्क्यावर उतरायचे, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

मळेवाल्यांनी आणलेले लोक बहुतेक ऐन उमेदीतले होते. म्हणजे या बेटाची सुरुवातच बाहेरून आणलेल्या कमावत्या वयावर झाली.

विसाव्या शतकात चित्र बदललं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी झाली, मलेरिया आटोक्यात आला आणि मृत्युदर झपाट्याने खाली आला. जन्मदर मात्र तसाच राहिला. १९६० च्या सुमारास एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत होती. कमावत्या वयाचा वाटा तेव्हा ५२-५३ टक्के होता. म्हणजे कमावत्या वयाच्या १०० जणांच्या जिवावर ९० जण, आणि त्यातली बहुतेक लहान मुलं.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये मॉरिशसवर अहवाल दिला. पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अहवालाचा सूर निराशेचा होता. छोटं बेट, एकच पीक, वाढती तोंडं, मग भवितव्य काय? हा अंदाज पुढे चुकला, आणि का चुकला हे पाहण्यासारखं आहे.

पहिलं कारण, घरं लहान झाली. कुटुंब नियोजनाचं काम १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, मुली शाळेत जाऊ लागल्या, लग्नाचं वय वाढलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सहाच्या जागी साडेतीनच्या आसपास मुलं होऊ लागली. इतक्या वेगाने झालेली घट तेव्हा जगात फार कमी ठिकाणी दिसली होती. मुलं कमी झाली आणि आधी जन्मलेली मुलं मोठी होऊन १५ च्या पुढे गेली. वाटा आपोआप वर सरकला.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. त्या मोठ्या झालेल्या मुलांना काम मिळालं. १९७० मध्ये कायदा करून निर्यातीसाठी कारखान्यांना सवलती दिल्या गेल्या. लगेच सगळं सुरळीत झालं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेरोजगारी २० टक्क्यांच्या घरात होती. पण त्याच दशकात कपड्यांचे कारखाने वाढले आणि हजारो बायका पहिल्यांदा पगारावर कामाला लागल्या. दशक संपता संपता मॉरिशसला कामगारांची टंचाई जाणवू लागली. यालाच ‘लोकसंख्येचा लाभांश’ म्हणतात. नुसती तरुण माणसं असून तो मिळत नाही, त्यांना रोजगारही असावा लागतो.

गेल्या दशकात हा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास पोहोचला. म्हणजे १०० जणांवर अवलंबून असलेले फक्त ४३ च्या आसपास.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की ही फट कायम उघडी राहत नाही. ज्या पिढीमुळे वाटा वाढला, तीच पिढी आता साठी ओलांडतेय. एका बाईमागे सरासरी मुलं दीडच्याही खाली गेली आहेत. २०११ आणि २०२२ या दोन जनगणनांमध्ये लोकसंख्या जवळपास होती तिथेच राहिली. दर आठ माणसांत साधारण एक जण ६५ च्या पुढचा आहे.

यात पेन्शनचा मुद्दा येतो. मॉरिशसमध्ये १९५० च्या दशकापासून सरकारी वृद्धापकाळ पेन्शन आहे आणि ६० वर्षं पूर्ण झाली की ते सर्वांना मिळत आलं. खर्च झेपेना, म्हणून जून २०२५ च्या अर्थसंकल्पात ही वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याची घोषणा झाली आणि लोक रस्त्यावर उतरले. दुसरीकडे कारखान्यांत बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारतातून कामगार येत आहेत. ज्या बेटाने कधीकाळी कामगार आयात केले, ते पुन्हा आयात करतंय.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका बाईमागे सरासरी २.९ मुलं होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा १.७ झाला. लोकसंख्या स्थिर राहायला तो २.१ लागतो. साठीपुढच्या लोकांचा वाटा २०२१ साठी सुमारे १२ टक्के आणि २०३१ साठी सुमारे १५ टक्के असेल, असा केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाच्या आकड्यांवर आधारलेला अंदाज आहे. मॉरिशसएवढे आपण म्हातारे झालेलो नाही, पण दिशा तीच आहे. फरक इतकाच की तिथे साठी गाठली की पेन्शन ठरलेलं होतं. आपल्याकडे शेतमजुराच्या किंवा ऊसतोड कामगाराच्या म्हातारपणी बहुतेक भार मुलांवरच पडतो, आणि मुलं आता एक किंवा दोन.

राज्याचा सरासरी आकडा खूप काही लपवतो. २००१ ते २०११ मध्ये पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ३० टक्क्यांनी वाढली, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची चक्क घटली. कमावत्या वयाची माणसं एका ठिकाणाहून उठून दुसरीकडे जातात. गावात मागे म्हातारे आईवडील राहतात.

लासुर्ण्यासारख्या ऊसपट्ट्यात तर मोजणीचा महिनाही आकडे बदलू शकतो. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गळीत हंगामात झाली. जो माणूस या पूर्ण काळात घरापासून लांब असेल त्याची नोंद तो असेल तिथे करायची, असा नियम होता. म्हणजे तोडीला आलेला कोयता कागदावर कारखान्याच्या परिसरात मोजला जाणार आणि बीडच्या गावात फक्त घरी राहिलेले आजी-आजोबा आणि नातवंडं दिसणार. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तेव्हाही फडात ऊस असेल.