तगाई, माफी आणि नानांची नोटीस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझ्या आजोबांच्या तोंडी ‘तगाई’ हा शब्द सारखा असे. मुरगूडला वेदगंगेच्या काठी आमचं थोडं रान. विहिरीला तगाई, बैलाला तगाई. लहानपणी मला वाटे, तगाई ही कुणी लांबची आत्या असावी!

इंग्रज सरकारने १८८३ मध्ये जमीनसुधारणेसाठी आणि १८८४ मध्ये बी-बियाणे, बैल यांसाठी कर्जाचे कायदे केले. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनीही १८९६-९७ च्या दुष्काळात शेतकऱ्यांना तगाई दिली. पण तगाई म्हणजे उसनवारी. आज ना उद्या ती फेडायची, हे घेणाऱ्याला ठाऊक असे.

२९ फेब्रुवारी २००८ रोजी केंद्राच्या अंदाजपत्रकात कर्जमाफी जाहीर झाली. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ, त्याहून मोठ्या शेतकऱ्याला एकरकमी परतफेडीत पंचवीस टक्के सूट. पैसे मात्र शेतकऱ्याच्या हातात यायचे नव्हते. ते बँकेकडे जमा व्हायचे आणि शेतकऱ्याला मिळायचा कर्जमाफीचा दाखला. आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले.

इथं आपल्या भागाची एक गोष्ट सांगायला हवी. सेवा सोसायटी पीककर्ज देते ते ‘क. म. पत्रका’वरून. कोणत्या पिकाला एकरी किती द्यायचे, याची कमाल मर्यादा त्यात ठरलेली असते. पण उसाची लागण, खत, भांगलण, पाणीपट्टी यांचा हिशेब त्या मर्यादेत बसतो कुठं? त्यामुळे जादा उचल सर्रास होई. कारखान्याच्या ऊसबिलातून वसुली होते म्हणून देणाराही निर्धास्त आणि घेणाराही. चूक कुणाची म्हणावी? मला वाटते, निम्मी त्या पत्रकाचीच.

पुढे तपासणी झाली आणि २०१२ मध्ये नाबार्डने मर्यादेपेक्षा जादा दिलेलं कर्ज माफीला अपात्र ठरवलं. एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात ही रक्कम सुमारे ११२ कोटी रुपये होती. वसुली जिल्हा बँकेवरून सोसायटीकडे आणि सोसायटीकडून शेतकऱ्याच्या दारी आली. शेतकरी उच्च न्यायालयात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं.

नोटीस हातात घेऊन नाना मला म्हणाले, “पोरा, पैसं मी डोळ्यानं बघिटलं न्हाईत, मग परत कुठलं देऊ?” त्यांना काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही.

ज्यांनी वेळेवर फेडलं होतं, त्यांचं दुःख वेगळं. प्रामाणिकपणा महागात पडला, असं ते चावडीवर उघड बोलत. २०१७ च्या राज्याच्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांना २५ हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवलं गेलं, पुढच्या योजनेतून २०२२ मध्ये ५० हजारांपर्यंत रक्कम देण्यात आली, तेव्हा तो राग थोडा निवला.

२०१९ पासून केंद्राचे वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांनी थेट खात्यावर येऊ लागले. मध्ये कुणी नाही, पत्रक नाही. तरीही पुढं प्राप्तिकर भरणाऱ्यांना घेतलेले हप्ते परत करण्याच्या नोटिसा तहसील कार्यालयांतून निघाल्याच. नानांना पहिला हप्ता आला, तेव्हा त्यांनी तो महिनाभर काढला नाही.