चर्च-एल : गांवजेवण व गांवनिधि

गांवजेवणांतून गांवचा खर्च भागविण्याची चाल इंग्लंडांत मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून रूढ होती. तीस ‘चर्च-एल’ म्हणत. एल म्हणजे यवसुरा. रिचर्ड केअरू यानें कॉर्नवॉलवरील ग्रंथांत (१६०२) तिची रीत दिली आहे : दरसाल निवडलेल्या दोघां तरुणांनीं गांवकऱ्यांकडून शिधा जमवावा, यवसुरा व खाद्यपदार्थ सिद्ध करावे आणि पेंटेकॉस्टच्या सणांत जेवण घालावें. शेजारगांवचे लोकहि येऊन पैसा खर्चीत. मागाहून गांवापुढें हिशेब होऊन शिल्लक गांवच्या नैमित्तिक खर्चासाठीं ठेवीत.

हें केवळ मद्यपानाचें निमित्त होतें काय? फिलिप स्टब्स या कडव्या टीकाकारानें १५८३ त या चालीची कठोर निंदा केली. परंतु हा पैसा चर्चची दुरुस्ती, पुस्तकें व पूजाविधीचे पेले यांकडे लागतो असें लोक सांगतात, हेंहि तोच नोंदवितो. पुढें सॉमरसेटांत न्यायाधीश रिचर्डसननें असे उत्सव बंद केले, तेव्हां बिशप पिअर्सनें १६३३ त कळविलें, कीं या उत्पन्नांतून अनेक गरीब गांवांनीं घंटा ओतविल्या व दरिद्र्यांसाठीं निधि उभारला. पिअर्स बंदीच्या विरुद्ध पक्षाचा. त्याची एकट्याची साक्ष आम्हीं पुरेशी मानिली नसती. विनियोगाविषयीं विरोधकाची नोंद तिशीं जुळते, म्हणून ती ग्राह्य वाटते.

चर्च-एल मागें पडल्यावर चर्चच्या खर्चाचा भार मुख्यतः सक्तीच्या पट्टीवर आला. जें शेजाऱ्यानें पंगतींत दिलें, तें करदात्याकडून वसूल करावें लागलें. बंदीचा हिशेब मांडतांना ही बाजूहि जमेस धरिली पाहिजे, असें आमचें मत आहे.