आधी उच्च न्यायालयात जा : मद्रासचा एक जुना आक्षेप

शासनाविरुद्ध रिट याचिका दाखल झाली की उत्तराचे शपथपत्र तयार करण्याचे काम आम्हा अधिकाऱ्यांकडे येते. त्यातील एक परिच्छेद जवळजवळ ठरलेला असतो : याचिकाकर्त्याने उपलब्ध पर्यायी उपाय आधी अवलंबिलेला नाही, सबब याचिका फेटाळण्यात यावी. असे परिच्छेद मीही फारसा विचार न करता स्वाक्षरीनिशी पाठविले आहेत. पुढे निवडणूक निरीक्षक म्हणून चेन्नईस गेलो असता तेथील उच्च न्यायालयाची 1892 सालची लाल इमारत पाहिली आणि एका जुन्या खटल्याची आठवण झाली.

1 मार्च 1950. राज्यघटना लागू होऊन पाच आठवडेही झाले नव्हते. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या इंग्रजी साप्ताहिकास मद्रास सरकारने त्या दिवशी राज्यात प्रवेशबंदी केली. त्याच दिवशी, डिसेंबर 1947 पासून अटकेत असलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्यावर नव्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली आदेश बजावण्यात आला. संपादक रोमेश थापर आणि गोपालन हे दोघेही उच्च न्यायालयाची पायरी न चढता अनुच्छेद 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. गोपालन यांचा अर्ज बंदिप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे हेबियस कॉर्पसचा होता.

थापर यांच्या प्रकरणात मद्रासच्या महाधिवक्त्यांनी प्राथमिक आक्षेप घेतला. अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयास असाच अधिकार असताना आधी तेथे जावयास हवे, असे त्यांचे म्हणणे होते. आधार अमेरिकेतील निर्णयांचा होता. तेथे राज्याच्या कैद्याने राज्य न्यायालयांतील सर्व उपाय संपविल्याखेरीज संघीय न्यायालयाकडे हेबियस कॉर्पस मागू नये, हे तत्त्व 1886 पासून रुळले आणि 1948 मध्ये कायद्यात आले. राज्यांची व संघाची न्यायव्यवस्था तेथे वेगवेगळी असल्यामुळे परस्परांचा मान राखणे, हा त्यामागील हेतू.

26 मे 1950 रोजी न्या. पतंजली शास्त्री यांनी दिलेल्या निर्णयात हा आक्षेप फेटाळला गेला. अनुच्छेद 32 हा केवळ अधिकारक्षेत्राचा प्रश्न नसून तो स्वतःच मूलभूत हक्क आहे. हक्कांचे रक्षक म्हणून नेमलेल्या न्यायालयास दाराशी आलेल्या माणसाला परत पाठविता येणार नाही, असा त्याचा आशय. प्रवेशबंदीही रद्द झाली. गोपालन मात्र 19 मे रोजीच हरले होते. तरी स्थानबद्धतेची कारणे न्यायालयापुढे उघड करण्यास मनाई करणारे कलम 14 त्यांच्यामुळे घटनाबाह्य ठरले.

पुढे व्यवहार पालटला. खटल्यांचा भार वाढला तसे 1987 पासून सर्वोच्च न्यायालयच ‘आधी उच्च न्यायालयात जा’ असे सांगू लागले. नोव्हेंबर 2020 मध्ये एका पत्रकाराच्या हेबियस कॉर्पस अर्जावर सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी हाच प्रश्न विचारला. त्यात तथ्य नाही असे नाही. चेन्नईच्या माणसास दिल्ली सुमारे 2,200 किलोमीटर दूर, तर स्वतःचे उच्च न्यायालय जवळ आणि कमी खर्चाचे. शिवाय 1967 च्या गुलाम सरवर निर्णयानुसार, उच्च न्यायालयाने हेबियस कॉर्पस नाकारले तरी सर्वोच्च न्यायालयाचे दार बंद होत नाही.

तथापि जवळचे दार दाखविणे वेगळे आणि दाराआड लपणे वेगळे. कामाच्या सोयीसाठी न्यायालयाने क्रम ठरविणे समजू शकते. परंतु ज्या शासनाने माणसास विनाचौकशी डांबले, त्यानेच ‘तू चुकीच्या दाराशी आलास’ असे म्हणणे हे उत्तर नव्हे. जमिनीच्या वादात सहा महिने गेले तर भरपाई करता येते. स्थानबद्धतेत गेलेला दिवस परत देता येत नाही. अमेरिकन पद्धतीत तर उपायांच्या पायऱ्या चढता चढता वर्षे सरतात.

म्हणून तरुण अधिकाऱ्यांना एकच विनंती : स्थानबद्धतेच्या प्रकरणात ठरीव परिच्छेदाआधी आदेशाची कारणे स्वतः वाचा. ती टिकणारी असतील, तर कोणत्याही न्यायालयात टिकतील. टिकणारी नसतील, तर माणसास दुसऱ्या दाराकडे पाठविण्याऐवजी आदेश मागे घेण्याचा प्रस्ताव सादर करा. तो अधिकार शासनास आहे, आणि त्यासाठी कोणत्याही न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही.