अफूची बाटली ते कुलूपबंद डबा : घरातल्या औषधाच्या राखणीचा इतिहास (थ्रेड)

१/ विषारी औषधांवरचे जुने कायदे बहुधा दुकानाच्या उंबरठ्यापाशी थांबत. औषध घरात आले की ते कुठे आणि कसे ठेवायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. अफूपासून बनलेल्या औषधांच्या बाबतीत ही मोकळीक फार महागात पडली. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड. मद्यार्कात मुरवलेली अफू, म्हणजेच ‘लॉडनम’, किराणा दुकानातही मिळत असे. खोकला, जुलाब, दातदुखी, निद्रानाश, सर्वांवर हाच उतारा. रडणाऱ्या तान्ह्यांसाठी ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ हे अफूयुक्त गोड औषध होते. आई कामावर गेली की सांभाळणारी बाई ते पाजून बाळाला निजवी. मात्रा चुकली की काही बाळे पुन्हा जागी होत नसत.

३/ हे चित्र आपल्यालाही परके नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियाही तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन कामावर जात. १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या व्हिटली आयोगाने या प्रथेची दखल घेतली होती. त्यामागे मातांची निष्ठुरता नव्हती. पाळणाघर असलेल्या गिरण्या मोजक्याच होत्या.

४/ १८६८ साली ब्रिटनमध्ये ‘फार्मसी ॲक्ट’ आला. अफूच्या बाटलीवर ‘विष’ हा शब्द आणि विक्रेत्याचे नाव-पत्ता लिहिणे बंधनकारक झाले. मात्र पेटंट औषधे या कायद्यातून सुटली. शिवाय चिठ्ठी वाचायला अक्षरओळख हवी आणि उजेडही हवा.

५/ म्हणून त्याच शतकात विषाच्या बाटल्यांचे रूप पालटले. गडद निळी वा हिरवी काच, षटकोनी घडण, अंगावर उभ्या खाचा. मेणबत्ती विझली तरी हाताला कळावे की ही बाटली वेगळी आहे. पण त्या खाचांचा अर्थ दोन वर्षांच्या मुलाला कोण सांगणार?

६/ याचे उत्तर मिळायला विसावे शतक निम्मे सरावे लागले. कॅनडातील विंडसर शहरात डॉ. हेन्री ब्रो हे बालरोगतज्ज्ञ विषबाधा झालेल्या मुलांवर उपचार करीत. हे रोजचे संकट पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रयत्नांतून १९६७ साली ‘पाम-एन-टर्न’ झाकण तयार झाले. तळव्याने दाबल्याशिवाय ते फिरतच नसे.

७/ १९७० साली अमेरिकेने अशा वेष्टनांसाठी कायदा केला. त्याची चाचणी पाहण्याजोगी आहे. पाच वर्षांखालील मुलांना बाटली द्यायची. दहा मिनिटांत किमान ८० टक्के मुलांना ती उघडता येऊ नये. त्याच वेळी किमान ९० टक्के प्रौढांना ती उघडता आलीच पाहिजे! म्हणजे हे झाकण मुळातच मोठ्यांना अडवण्यासाठी नव्हते.

८/ ही फट पुढे फार रुंदावली. १९९६ साली ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी अमेरिकेच्या बाजारात आली. तिचे व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याचा प्रचार झाला. २००७ मध्ये याच दिशाभुलीबद्दल पर्ड्यू या उत्पादकाच्या संलग्न कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर डॉक्टर अशा गोळ्या सढळ हाताने लिहून देऊ लागले होते. दुखणे चार दिवसांत थांबे. उरलेल्या गोळ्या स्नानगृहातील आरशामागच्या बिनकुलपी कपाटात पडून राहत.

९/ तिथून त्या कुठे जात? अमेरिकी सरकारच्या वार्षिक पाहण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. वेदनाशामकांचा गैरवापर करणाऱ्यांपैकी अनेकांना त्या गोळ्या मित्रांकडून वा नातेवाइकांकडून मिळाल्या होत्या, आणि त्याही बहुधा फुकट. त्यांच्यासाठी पुरवठ्याचे ठिकाण म्हणजे ओळखीचे घर.

१०/ त्यातही विसंगती अशी की उरलेल्या अफूवर्गीय गोळ्या औषधविक्रेत्याला परत करण्याची सोयच तेथील कायद्यात नव्हती. २५ सप्टेंबर २०१० रोजी पहिला राष्ट्रीय ‘टेक-बॅक डे’ झाला. एका दिवसात नको असलेली सुमारे १२१ टन औषधे जमा झाली. काही दिवसांतच गोळ्या परत करण्याची वाट मोकळी करणारा कायदाही संमत झाला.

११/ भारतात २०१८ साली ‘ट्रॅमाडॉल’ ही वेदनाशामक अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आली. तीही बंधने मुख्यतः कारखाना, गोदाम आणि दुकान यांच्यावर. घरातील कपाट आजही घरच्यांच्याच हाती आहे. शस्त्रक्रियेनंतर वा कर्करोगाच्या उपचारांत अशी औषधे अनेक घरांत येतात, आणि रुग्णाला त्यांची खरोखर गरज असते.

१२/ म्हणून इतिहासातून घेण्याजोगा धडा साधा आहे. अशी औषधे मूळ वेष्टनातच, कुलपात ठेवावीत. गोळ्यांची मोजदाद राखावी. दुखणे संपल्यावर त्या ‘कधी लागतील’ म्हणून साठवू नयेत. त्यांची विल्हेवाट कशी लावावी, हे औषधविक्रेत्याला विचारावे. चिठ्ठी वाचणाऱ्यासाठी होती, खाचा अंधारात चाचपडणाऱ्यासाठी, झाकण लहानग्यासाठी. घरातील किशोरवयीन मुलासाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यासाठी मात्र कुलूपच हवे. दागिने कपाटात ठेवताना आपण घरच्यांवर अविश्वास दाखवतो, असे कोणी मानत नाही. औषधाच्या कुलपाचेही तसेच.

(समाप्त)